विल्हेल्म हॉफमाइस्टर : फुलातला आईचा वाटा दाखवणारा पुस्तकविक्रेता

आपल्या मंडळाच्या या पानावर आपण बहुधा राजे, संत, गायक आणि समाजसुधारक यांची चरित्रे वाचतो. या वेळी आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, ते जर्मनीतल्या लाइपझिग शहरात संगीताची पुस्तके विकणारे एक दुकानदार होते. कॉलेजात विद्यार्थी म्हणून ते कधी गेले नाहीत. तरीही वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात विल्हेल्म हॉफमाइस्टर हे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. बॉटनी शिकलेल्या आपल्या मुला-नातवंडांनी ते ऐकले असेल. आम्ही पडलो कॉमर्सवाले. बँकेच्या नोकरीत आमचा झाडांशी संबंध कुंडीतल्या तुळशीपुरताच. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा या गृहस्थांची ओळख झाली, आणि ती आपणा सर्वांना करून द्यावी असे वाटले.

त्यांनी सोडवलेला प्रश्न ऐकायला साधा आहे. फुलातून बी तयार होते आणि बीमध्ये एक इवलेसे रोप दडलेले असते. हे रोप मुळात येते कुठून? फुलातल्या परागकणातून, की फुलाच्या पोटातल्या बीजांडातून? म्हणजेच बापाकडून, की आईकडून?

हा प्रश्न फक्त झाडांचा नव्हता. संतती ही पुरुषाच्या बीजातून होते आणि स्त्री म्हणजे ते बीज रुजवणारी जमीन, ही कल्पना जगात फार जुनी आहे. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने संततीला घडण पुरुषाकडून मिळते आणि स्त्री केवळ द्रव्य पुरवते, असे मानले होते. आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद आहे, आणि त्यात पारडे बहुधा बीजाकडेच झुकलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ फुलांच्या बाबतीत हाच वाद घालत होते. तो निकालात काढण्यात सर्वांत मोठा वाटा या पुस्तकविक्रेत्याचा आहे.

दुकान आणि सूक्ष्मदर्शक

विल्हेल्म यांचा जन्म १८ मे १८२४ रोजी लाइपझिगला झाला. हे शहर तेव्हा जर्मनीतल्या पुस्तक व्यापाराचे मोठे केंद्र होते. वडील फ्रिडरिश हॉफमाइस्टर यांनी १८०७ मध्ये स्वतःची पेढी काढली होती. संगीताच्या रचना छापायच्या आणि विकायच्या, हा तिचा मुख्य धंदा. शूमन यांच्यासारख्या संगीतकारांच्या सुरुवातीच्या काही रचना याच पेढीने छापल्या. वडिलांना झाडापेडांचा नाद होता, त्यामुळे वनस्पतींची चित्रे असलेली मोठाली पुस्तकेही ते प्रसिद्ध करीत. घरात संगीत आणि वनस्पती असे दोन्ही होते. मुलाने त्यातला एक व्यवसाय म्हणून उचलला आणि दुसरा छंद म्हणून.

वयाच्या १५ व्या वर्षी विल्हेल्म यांची शाळा संपली. धंद्यात घालायचे म्हणून वडिलांनी त्यांना हॅम्बुर्गला एका संगीत विक्रेत्याकडे उमेदवारीला पाठवले. दोन वर्षे तिथे काम शिकून १८४१ मध्ये ते परत आले आणि वडिलांच्या पेढीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळू लागले. मागण्या नोंदवायच्या, पत्रांना उत्तरे द्यायची, हिशेब पाहायचे, असा तो दिनक्रम. असे काम आम्ही जन्मभर केले आहे, त्यामुळे दिवसभर टेबलाशी बसून उठलेल्या माणसाच्या अंगात किती त्राण उरते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

यावर विल्हेल्म यांनी उपाय काढला तो सकाळचा. पहाटे चार ते सहा ही वेळ त्यांनी सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवली. त्यानंतर दुकान. प्रयोगशाळा नाही, गुरू नाही, मदतनीस नाही. डोळ्यांना जवळचेच दिसायचे; लांबचे पाहण्यात त्यांची दृष्टी फारच अधू होती. पण नजरेच्या अगदी जवळ धरून बारीक काम करण्याची त्यांना सवय होती, आणि सुईच्या टोकाने बीजांडासारखी इवली वस्तू सोलायला हेच कसब लागते.

वाद काय होता

हा वाद समजायला फुलाची रचना थोडी आठवावी लागेल. जास्वंदीचे फूल डोळ्यांसमोर आणा. मधल्या लांब दांड्यावर पिवळे परागकण असतात आणि दांड्याच्या शेंड्याला पाच टिकल्यांसारखे भाग असतात. त्यांना कुक्षी म्हणतात. परागकण कुक्षीवर पडतात. फुलाच्या बुडाशी अंडाशय असतो आणि त्यात मोहरीहूनही लहान असे दाणे असतात, ती बीजांडे. पुढे अंडाशयाचे फळ होते आणि बीजांडाचे बी.

कुक्षीवर पडलेला कण खोल दडलेल्या बीजांडापर्यंत पोहोचतो कसा, याचा पहिला धागा इटलीत मिळाला. उत्तम दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे जोवान्नी बात्तिस्ता अमिची यांनी परागकणातून एक बारीक नळी बाहेर येताना पाहिली. ज्या झाडावर त्यांना हे दिसले ते आपल्या ओळखीचे आहे. आपण जिची पातळ भाजी किंवा डाळभाजी करतो ती घोळ! हे निरीक्षण त्यांनी १८२४ मध्ये, म्हणजे हॉफमाइस्टर यांच्या जन्माच्याच वर्षी प्रसिद्ध केले. ही परागनलिका वाढत वाढत थेट बीजांडात शिरते, हे १८३० पर्यंत स्पष्ट झाले.

आत शिरल्यावर काय होते, यावर मात्र एकमत होईना. पुढे येना विद्यापीठात गेलेले माथियास श्लायडेन यांनी १८३७ मध्ये ठामपणे सांगितले, की नलिकेचे टोकच बीजांडातल्या पोकळीत घुसते, फुगते आणि त्याचेच रोप बनते. बीजांडाने फक्त जागा द्यायची आणि पोसायचे. श्लायडेन ही काही लहान असामी नव्हती. सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, हा सिद्धांत मांडणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे पाठ्यपुस्तक सगळीकडे वाचले जाई. खुद्द हॉफमाइस्टर सूक्ष्मदर्शकाकडे वळले ते त्याच पुस्तकाच्या प्रभावाने. त्यामुळे श्लायडेन यांच्या विरुद्ध बोलायचे, तर हातात भक्कम पुरावा हवा होता.

अमिची यांनी ऑर्किडच्या फुलांवर काम करून १८४७ मध्ये श्लायडेन यांच्या विरुद्ध मत दिले. नलिका येण्याआधीच बीजांडात एक पेशी तयार असते आणि रोप तिचेच होते, असे त्यांचे म्हणणे होते. पण एका फुलाच्या आधाराने सगळ्या फुलझाडांविषयी कसे बोलणार? एका खात्याचा मेळ जुळला म्हणून सगळ्या शाखेचा ताळेबंद बरोबर आहे असे कोणी म्हणत नाही. एकेक खाते तपासावे लागते.

हॉफमाइस्टर यांनी नेमके हेच केले. १८४७ मध्ये, २३ व्या वर्षी, त्यांचा या विषयावरचा पहिला लेख आला. १८४९ मध्ये फुलझाडांतील भ्रूणाच्या उत्पत्तीवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि ते त्यांच्या घरच्याच पेढीने छापले. अनेक कुळांतल्या, एकमेकांपासून दूरच्या वनस्पती घेऊन त्यांनी प्रत्येकीचे बीजांड वेगवेगळ्या वयात उघडून पाहिले होते. कळी असताना, फूल उमलल्यावर, नलिका येण्याआधी, नलिका आल्यावर, आणि त्यानंतर. प्रत्येक टप्प्याची चित्रे त्यांनी स्वतः काढली होती.

निष्कर्ष सगळीकडे एकच निघाला. बीजांडाच्या आत एक पिशवीसारखी मोठी पेशी असते, तिला भ्रूणकोष म्हणतात. परागनलिका येऊन पोहोचते त्याच्या आधीच या भ्रूणकोषात रोपाला जन्म देणारी पेशी तयार होऊन बसलेली असते. नलिका तिच्याजवळ येऊन थांबते. नलिकेच्या टोकाचे रोप होत नाही. रोप होते ते आधीपासून तिथे असलेल्या पेशीचे, पण नलिका आल्याशिवाय ती पेशी पुढे वाढत नाही. म्हणजे दोघांचीही गरज आहे, आणि आई ही केवळ जमीन नाही.

अंडपेशी घडते कशी

पुढच्या शास्त्रज्ञांनी भर घातल्यानंतर आज या घडामोडीचे जे चित्र मान्य आहे ते थोडक्यात असे.

कोवळ्या बीजांडात सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग त्यातली एक मोठी होऊ लागते. ही मातृपेशी. तिच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. गुणसूत्रे म्हणजे पिढीजात गुणांची नोंद ठेवणारे धागे. भाताच्या झाडात प्रत्येक पेशीत अशी २४ गुणसूत्रे असतात. मातृपेशीचे विभाजन होऊन ओळीने चार पेशी तयार होतात आणि प्रत्येकीत निम्मी, म्हणजे १२ गुणसूत्रे येतात. या चारपैकी तीन पेशी झिजून नाहीशा होतात. भातात आणि बहुसंख्य फुलझाडांत एकच उरते.

उरलेली पेशी वाढून भ्रूणकोष बनते. तिच्या केंद्रकाचे तीन वेळा विभाजन होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ही आठ केंद्रके सात पेशींत वाटली जातात. परागनलिका ज्या बाजूने येते त्या तोंडाशी तीन पेशी असतात. त्यातली एक अंडपेशी आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन साहाय्यक पेशी. विरुद्ध टोकाला तीन पेशी, आणि मध्ये एक मोठी पेशी, जिच्यात दोन केंद्रके असतात. एवढी सगळी मांडामांड नलिका येण्याच्या आधी, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही अशा जागेत पूर्ण होते.

हॉफमाइस्टर यांना यातले सगळे दिसले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तोंडाशी दिसणाऱ्या दोन-तीन पेशींपैकी कोणत्याही एकीचे रोप होऊ शकते असे त्यांना वाटे, कारण अंडपेशी आणि साहाय्यक पेशी यांतला फरक तेव्हा कळलेला नव्हता. नलिकेतून नेमके काय आत जाते हेही त्या काळच्या साधनांनी दिसणे शक्य नव्हते. पण आईची पेशी आधीपासून असते, हा मुख्य मुद्दा त्यांनी पक्का केला, आणि तो आजही तसाच उभा आहे.

प्रतिष्ठा विरुद्ध पुरावा

एका दुकानदाराच्या पुस्तकाने प्राध्यापकमंडळी लगेच मान तुकवतील असे नव्हते. श्लायडेन यांचे शिष्य हेर्मान शाख्ट यांनी गुरूची बाजू घेऊन मोठा प्रबंध लिहिला आणि १८५० मध्ये आम्सटरडॅमच्या विद्वत्संस्थेने त्यालाच पारितोषिक दिले. पारितोषिक चुकीच्या बाजूला गेले होते. हॉफमाइस्टर यांनी आपले उत्तर नव्या निरीक्षणांतून दिले. आणखी झाडे घेतली, आणखी चित्रे काढली, आणि लेख प्रसिद्ध करीत राहिले.

वाद मिटायला काही वर्षे लागली. १८५६ मध्ये लुडविग राडल्कोफर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने येनामध्ये श्लायडेन यांच्याच जवळ राहून हे काम पुन्हा तपासले आणि कौल हॉफमाइस्टर यांच्या बाजूने दिला. श्लायडेन यांनीही आपले मत सोडले. पुढे शाख्ट यांनीही सोडले. जवळजवळ वीस वर्षे लावून धरलेले मत पुरावा समोर आल्यावर सोडणे सोपे नसते. त्याबद्दल श्लायडेन यांनाही मान द्यायला हवा, असे आम्हाला वाटते.

नेच्याच्या पानामागची गोष्ट

हा वाद चालू असतानाच हॉफमाइस्टर यांनी दुसरे पुस्तक लिहिले, आणि जाणकार ते त्यांचे सर्वांत मोठे काम मानतात. ते १८५१ मध्ये आले तेव्हा त्यांचे वय २७ होते.

शेवाळ, नेचे, देवदार-पाइनसारखी सूचिपर्णी झाडे आणि फुलझाडे हे तोवर वेगवेगळे कप्पे मानले जात. त्यांचे जननाचे मार्ग एकमेकांशी जुळत नाहीत असा समज होता. हॉफमाइस्टर यांनी दाखवले की या सगळ्यांच्या मागे एकच नियम आहे. दोन पिढ्या आळीपाळीने येतात. नेच्याचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात गोव्यात, कोकणात, घाटांत ओल्या भिंतींवर नेचे उगवतात. त्यांच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात. त्यातून धुळीसारखे बीजाणू पडतात. त्या बीजाणूतून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, बदामी आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. अंडपेशी आणि नरपेशी त्या पापुद्र्यावर तयार होतात, त्यांचा संयोग होतो आणि मग पुन्हा नेचा उभा राहतो. नेचा ही एक पिढी आणि पापुद्रा ही दुसरी.

फुलझाडात ती दुसरी पिढी कुठे गेली? ती बीजांडाच्या आतच राहिली. आपण वर पाहिलेला भ्रूणकोष, त्या मोजक्या पेशी, म्हणजे नेच्याच्या पापुद्र्याचे आक्रसलेले रूप आहे. ओल्या मातीवर उघड्यावर वाढण्याऐवजी ती पिढी आईच्या घरातच जन्मते आणि तिथेच आपले काम करून संपते. शेवाळापासून जास्वंदीपर्यंतचा धागा असा सलग दिसू लागला. डार्विन यांचे जाती-उत्पत्तीवरचे प्रसिद्ध पुस्तक यानंतर आठ वर्षांनी आले.

याच विचाराच्या आधारे त्यांनी एक अंदाज बांधला होता. नेच्यात पाण्यातून पोहत जाणाऱ्या नरपेशी असतात, तशा त्या सूचिपर्णी झाडांच्या परागांतही असाव्यात. सूचिपर्णी झाडांत त्या सापडल्या नाहीत. पण त्यांचेच नातेवाईक असलेल्या गिंको वृक्षात १८९६ मध्ये जपानच्या साकुगोरो हिरासे यांना पोहणाऱ्या नरपेशी दिसल्या. तेव्हा हॉफमाइस्टर यांना जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

प्राध्यापकी आणि घरची दुःखे

१८५१ मध्येच रॉस्टॉक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पण दुकान सुटले नाही. त्यानंतरही बारा वर्षे ते पेढीचे काम आणि संशोधन दोन्ही करीत राहिले. १८४७ मध्ये आग्नेस लुर्गेनश्टाइन यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. घरात नऊ मुले झाली. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा प्रपंच, धंदा, आणि पहाटेचा सूक्ष्मदर्शक, हे सारे एकाच छपराखाली चालले होते.

१८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि तिथल्या वनस्पती उद्यानाचे संचालक म्हणून बोलावले. कोणत्याही विद्यापीठात न शिकलेल्या माणसाला थेट प्राध्यापकपद मिळावे, ही तेव्हाच्या जर्मनीत अगदी दुर्मीळ गोष्ट होती. वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांनी दुकान सोडले. १८७२ मध्ये ते ट्युबिंगेनला गेले. कार्ल गोबेल यांच्यासारखे पुढे नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि गोबेल यांनीच नंतर आपल्या गुरूंचे चरित्र लिहिले.

पण मान मिळाला त्याच वर्षांत घर रिकामे होत गेले. १८७० मध्ये पत्नी गेली. मुलांपैकीही अनेक जण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. बीजांडातल्या एका पेशीतून जीव कसा आकार घेतो हे ज्यांनी जगाला दाखवले, त्यांच्या वाट्याला स्वतःच्या घरातले इतके मृत्यू आले. शेवटी पक्षाघाताच्या झटक्यांनी ते खचले. १२ जानेवारी १८७७ रोजी लाइपझिगजवळच्या लिंडेनाऊ इथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२.

त्यांच्यानंतर

त्यांनी अर्धवट सोडलेले धागे पुढच्यांनी उचलले. एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले, की परागनलिकेतून आलेल्या नरपेशीचे केंद्रक अंडपेशीच्या केंद्रकात मिसळते. नलिकेतून काय जाते, या प्रश्नाचे हे उत्तर होते. १८९८ मध्ये रशियाच्या सेर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या फुलात आणखी एक नवल पाहिले. नलिकेतून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीला मिळते आणि रोप बनते. दुसरी मधल्या मोठ्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळते आणि त्यातून रोपाची शिदोरी बनते. याला दुहेरी फलन म्हणतात.

ही शिदोरी म्हणजे आपल्या ताटातला भात. तांदळाच्या दाण्याचा जो पांढरा भाग आपण शिजवतो तो या दुसऱ्या संयोगातून आलेला असतो. त्यातला हिशेब पाहा. आईकडून १२ अधिक १२, बापाकडून १२, एकूण ३६. म्हणजे भाताच्या प्रत्येक शितात दोन तृतीयांश वाटा आईचा असतो. गव्हाची कणीक, नारळाचे पाणी आणि खोबरे हेही याच शिदोरीचे प्रकार.

आपल्या अंगणातली गुलबक्षी आणखी एक गोष्ट सांगते. तिच्या काही झाडांची पाने हिरवी-पांढरी, चट्टेरी असतात. कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये अशा झाडांवर प्रयोग करून दाखवले, की रोप हिरवे होणार की पांढरे हे फक्त ज्या फांदीवर बी धरले त्यावर ठरते. पराग कोणत्या फांदीवरून आणले याचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. पानाचा हिरवेपणा घडवणारे कण अंडपेशीतून येतात. म्हणजे काही वारसा असा आहे, जो गुलबक्षीला फक्त आईकडूनच मिळतो.

भारतात हा विषय मोठा केला तो पंचानन माहेश्वरी यांनी. १९०४ मध्ये जयपूरला जन्मलेल्या माहेश्वरी यांनी दिल्ली विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग भ्रूणविज्ञानासाठी जगभर नावारूपाला आणला. भ्रूणकोष सगळ्या फुलझाडांत एकाच पद्धतीने घडत नाही. आपल्या कांद्यात चारपैकी एकच पेशी उरण्याचा नियम चालत नाही, तिथे दोन केंद्रकांपासून भ्रूणकोष बनतो. लिलीत तर चारही केंद्रके भाग घेतात. जगभरातून आलेल्या अशा नोंदी तपासून, शंकास्पद वाटल्या त्या बाजूला काढून, माहेश्वरी यांनी या प्रकारांची नीट मांडणी केली. १९५० मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या विषयाचा आधारग्रंथ ठरले. योगायोग असा, की त्यांचे निधन १८ मे १९६६ रोजी झाले. १८ मे हा हॉफमाइस्टर यांचा जन्मदिवस.

शेतकऱ्यांना तर हे ज्ञान रोजच्या उपयोगाचे झाले आहे. १९७० मध्ये सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून संकर-४ हा कापूस आला, तो असाच दोन जाती हाताने जुळवून. संकरित बियाणे करताना नर जात आणि मादी जात दोन्ही पारखून घेतात. मादी जात म्हणजे नुसते वावर, असे कोणताही बीजोत्पादक म्हणणार नाही.

आपल्या घरी

हे सगळे वाचताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा घरातल्या एका पुस्तकाकडे जात होते. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आपापल्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. महाराष्ट्र सोडून पिढ्यान्‌पिढ्या दुसरीकडे स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्याचे फार अप्रूप. मूळ गाव कोणते, कोणता पूर्वज कधी इकडे आला, कोणत्या संस्थानात नोकरीला लागला, हे त्यातूनच कळते. पण ती वंशावळ उघडून पाहिली तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेषा सलग दिसतात, आणि स्त्रियांच्या जागी कित्येकदा नुसते पत्नी एवढेच लिहिलेले असते. काही ठिकाणी सासरचे नाव असते, माहेर नसते. लेकीपाशी रेषा संपते. पूर्वजांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बीज मोठे आणि क्षेत्र धाकटे, हा समज सगळ्या जगाचाच होता, आणि वह्या तशाच लिहिल्या गेल्या.

त्या वह्यांत भर घालणे मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या आवृत्तीसाठी माहिती पाठवताना प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, तिच्या आई-वडिलांची नावे आणि गाव जरूर लिहावे. लेकींच्या मुलांच्या नोंदी घ्याव्यात. घरातल्या आजी, मावशी, आत्या आज सांगू शकतील अशी माहिती आणखी दहा वर्षांनी कोणाकडूनही मिळणार नाही, म्हणून हे काम याच सुट्टीत करावे. नातवंडांना सोबत बसवावे. लिहिता लिहिता त्यांना लाइपझिगच्या पुस्तकविक्रेत्याची गोष्टही सांगता येईल, आणि बाजारातून घोळाची जुडी आणली असेल तर तिचे इवले पिवळे फूलही दाखवता येईल.